पडवींतील बांक

नाताळच्या सुटीस पांचसहा आठवडे राहिले म्हणजे आमच्या सुतारकामाच्या वर्गांत दरवर्षीं एकच विचारणा होते : "सर, सुटींत घरीं नेण्यासारखें कांहीं करूं या का ?" कोणी तसबिरीची चौकट सुचवितो, कोणी मसाल्याचा डबा, कोणी बहिणीसाठीं पुस्तकांची मांडणी. गतवर्षीं इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें आजीकरितां बांक करावयाचें म्हटलें. पडवींत दाराजवळ ठेवावयाचें, वहाणा घालतांना व काढतांना क्षणभर टेकण्यापुरतें लहान बांक. त्याचें बोलणें ऐकून आम्ही कांहीं वेळ गप्पच राहिलों. कारण असें एक बांक आम्हीं स्वतः पूर्वीं केलें होतें, व तें साफ फसलें होतें. तें कसें फसलें हें न सांगतां नुसती कृति सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं, म्हणून आधीं तेंच सांगतों.

आपल्याकडे पायांतलें पायांत ठेवून कोणी घरांत शिरत नाहीं. दाराशीं थांबावें, एक पाय उचलावा, वहाण काढावी, मग दुसरा. तरुण माणसास यांत कांहींच वाटत नाहीं. परंतु ज्याचे गुडघे धरले आहेत, ज्याचा तोल पूर्वीसारखा राहिलेला नाहीं, त्यास दिवसांतून चारसहा वेळां एका पायावर उभें राहणें ही परीक्षाच असते. उंबरठ्यावर बसूं नये असें घरोघर सांगतात. पायरीवर बसावें तर पावसाळ्यांत ती ओली. आमच्या आईचे गुडघे साठीनंतर दुखूं लागले. आम्हांस तेव्हां शाळेंत नोकरीस लागून दोनतीन वर्षें झालीं होतीं, हातांत पटाशी नीट धरतां येऊं लागली होती व त्या विद्येचा थोडा गर्वहि झाला होता. आम्हीं ठरविलें कीं, नाताळास आईला बांक करून द्यावें.

जन्मभर पाटावर व चौरंगावर बसलेल्या बाईस उंच बांक कशाला, असा विचार करून आम्हीं त्याची उंची एक फूट ठेविली. वर आंब्याची एकसंध रुंद फळी, तीहि घाईंत आणलेली, पुरती न सुकलेली. ती दोन्ही कडांस खिळे ठोकून पक्की केली. पॉलिश मात्र आरशासारखें केलें होतें. आईनें त्यावरून हात फिरविला व म्हणाली, "छान झालंय रे." पुढें सुटींत घरीं गेलों तों बांकावर पाण्याचा हंडा ठेवलेला. आम्हांस वाटलें, बांक आवडलें म्हणूनच तें स्वयंपाकघरापर्यंत पोंचलें. वैशाखांत फळी मधोमध तडकली. करंगळीचें नख जाईल एवढी भेग. त्याचेंहि आम्हांस फारसें वाटलें नाहीं.

श्रावणांत घरून निरोप आला कीं, आई पायरीवरून घसरली व तिचा डावा हात मनगटाशीं मोडला. भिंतीला हात टेकून एका पायावर ती वहाण घालीत होती. बांक तेथून चार हातांवर होतें. हात झोळींत घालून बसलेल्या आईला आम्हीं विचारिलें, "आई, बांकावर कां नाहीं बसलीस ?" ती थोडा वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "बसतां येतं रे बाळा, पण उठतां येत नाहीं. एवढ्या हौसेनं केलंस, तुला वाईट वाटेल म्हणून बोललें नाहीं."

तेव्हां या पाठाची सुरुवात लांकडापासून नाहीं, हत्यारापासूनहि नाहीं. ज्याच्यासाठीं वस्तु करावयाची त्याच्या गुडघ्यापासून आहे. टांच जमिनीस टेकवून बसलें असतां टांचेपासून गुडघ्याच्या मागील लवणेपर्यंतचें अंतर हें बैठकीच्या उंचीचें मूळ माप होय. बाजारांतील खुर्ची साधारणतः अठरा इंच उंच असते. परंतु आपल्याकडील कित्येक वृद्ध स्त्रियांची लवण पंधरा इंचांवरच येते, त्यांचे पाय अठरा इंचांच्या बैठकीवरून लोंबकळतात व मांडीच्या खालच्या बाजूस कड रुततें. उलट बैठक लवणेच्या फार खालीं असली कीं, बसलेल्या माणसाचे गुडघे कमरेच्या वर येतात. मग उठतांना सर्व अंग अधिक उंच उचलावें लागतें, आणि तो सारा भार नेमका दुखऱ्या गुडघ्यांवर पडतो. आमच्या एक फुटाच्या बांकानें आईस हेंच केलें. पाटावरून उठण्याची सवय तिला होती हें खरें, पण ती तिशी-चाळिशींतली. आम्हीं माप घेतलें तें आमच्या आठवणींतल्या आईचें.

माप घेण्याची एक सोपी रीत आम्हीं मुलांस सांगत असतों. घरांतले पाट एकावर एक रचावे, लागल्यास खालीं विटा ठेवाव्या, व आजीला किंवा आजोबांना त्यावर बसवून हाताचा आधार न घेतां उठावयास सांगावें. एकेक पाट वाढवीत जावें. जेथें उठणें सहज होतें व टांचाहि जमिनीवर टेकलेल्या राहतात, ती रास मोजावी. बहुधा हें माप लवणेच्या बरोबर किंवा तिच्याहून इंचभर वर येतें. ज्यांस भेट गुप्त ठेवावयाची असेल त्यांनीं धाकट्या भावंडांकडून हा खेळ म्हणून करवावा ; आजी असल्या खेळांस नाहीं म्हणत नाहींत. वहाणेचा बंद लावण्यास वांकावें लागतें, त्यास बैठक जराशी खालीं असलेली बरी, हें खरें. दोन्ही गोष्टी साधत नसतील तर उठणें सोपें करावें व बंद घरांतील कोणी नातवंडानें लावून द्यावा. उठतांना धरण्यासाठीं दाराच्या चौकटीस, बसलेल्या माणसाच्या हाताशीं येईल अशी एक लांकडी मूठ स्क्रूंनीं घट्ट बसविली तर फार सोय होते. तिला एका तासाचें काम पुरतें, आणि आमच्या मतें बांकापेक्षांहि तिचा उपयोग अधिक.

आतां लांकूड. सागवान महाग आहे, पण पडवींत ऊन येतें, पावसाची झड येते, जमीन ओली होते, वाळवीहि असते. अशा जागीं सागाच्या गाभ्यास तोड नाहीं. त्याच्या अंगांत तेलकटपणा असतो व किडा त्यास सहसा लागत नाहीं. मात्र हा गुण गाभ्याचा आहे. फळीच्या कडेस फिकट पांढुरका पट्टा दिसतो तो सालीकडचा भाग. त्यास वाळवी व किडा दोन्ही लागतात, म्हणून तो पाहून सोडावा. कोंकणांतील मुलांस फणसाचें लांकूड मिळेल, तेंहि चांगलें. बाभूळ बळकट खरी, परंतु शिकाऊ हातास ती रंध्याखालीं फार त्रास देते. जुन्या घराचे मोडलेले वासे अगर दारें मिळालीं तर सोडूं नयेत : लांकूड वर्षानुवर्षें सुकलेलें असतें. फक्त त्यांतील खिळे सर्व काढल्याची खात्री करून मगच रंधा लावावा, नाहींतर पात्याचा एक घास व दोन तासांचें धार लावणें ठरलेलें.

लांकूड झाड सोडून आलें तरी त्याची हालचाल थांबत नाहीं, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसविण्यास आम्हांस सर्वांत अधिक वेळ लागतो. पावसाळ्यांत हवेंतील ओलावा पिऊन तें फुगतें, उन्हाळ्यांत तो सोडून आकसतें. ही हालचाल रुंदींत होते ; लांबींत जवळजवळ होतच नाहीं. हिरव्या सागाची फळी पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळरेषांच्या दिशेनें शेंकडा सहाच्या सुमारें आकसते, गाभ्याकडून सालीकडच्या दिशेनें शेंकडा अडीच, आणि लांबींत शेंकडा पावहि नाहीं. सुकून घरांत आलेली एक फूट रुंदीची सागाची फळी सुद्धां श्रावण ते वैशाख सुमारें एक सूत मागेंपुढें होते. (सुतारलोक इंचाच्या आठव्या भागास सूत म्हणतात.) साग यांत पुष्कळांहून शांत. आम्हीं आंब्याची अर्धवट ओली फळी दोन्ही कडांस खिळ्यांनीं जखडली होती. तिला आकसावयाचें होतें व जागा नव्हती. मग ती मधेंच फाटली. यांत फळीचा कांहीं अपराध नव्हता.

या बांकाचीं अंगें थोडीं आहेत. चार पाय, दोन इंच चौरस. उंची बैठकीच्या मापांतून फळीची इंचभर जाडी वजा करून. पायांचे माथे जोडणाऱ्या चार पट्ट्या, तीन इंच रुंद व इंचभर जाड, दोन लांब व दोन आंखूड. जमिनीपासून चार इंचांवर आणखी दोन आंखूड पट्ट्या, व त्यांवर वहाणा ठेवण्यास दोन इंच रुंदीच्या तीन लांब पट्ट्या. त्यांमध्यें थोडी फट असावी म्हणजे धूळ व पाणी खालीं निघून जातें. वर बसण्यास सहा सहा इंचांच्या दोन फळ्या, तीन फूट लांब, कडेला कड सरसानें जोडलेल्या. ह्या सर्वांचा हिशेब केला तर घनफुटाच्या दोनतृतीयांशाइतकें लांकूड भरतें. पण करवत व रंधा आपापला वाटा घेतात, आणि नवशिक्याची एखादी पट्टी वायां जातेच, घनफूटभर आणावें.

सांधे कूस व खाच यांचे करावे. पट्टीचें टोंक दोन्ही बाजूंनीं उतरवून मध्यें जी जीभ ठेवतात ती कूस, व पायांत ती शिरावयाची ती खाच. कुशीची जाडी पट्टीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणजे येथें तीन सूत, व खोली सव्वा इंच ठेवावी. एकाच पायांत दोन शेजारच्या बाजूंनीं दोन कुशी येतात व त्या आंत एकमेकींस भिडतात, म्हणून त्यांचीं टोंकें तिरपीं छाटावीं. पाय कापतांना माथ्याकडे इंचभर जास्त ठेवावा, कारण खाच मारतांना पटाशीच्या नेटानें पायाचें डोकें फाटण्याचा संभव असतो. खाचा झाल्यावर तें जादा टोंक कापून टाकावें. खाच आधीं करावी, कूस मागून. कूस रंध्यानें वा पटाशीनें बारीक करतां येते, मोठी झालेली खाच लहान करतां येत नाहीं. कूस हाताच्या दाबानें व मोगरीच्या एकदोन हलक्या ठोक्यांनीं आंत जावी. सैल कूस सरसानें भरून निघेल या भरंवशावर आमचे पुष्कळ विद्यार्थी असतात. ती निघत नाहीं.

सरस लावण्यापूर्वीं सारा सांगाडा कोरडाच जुळवून पाहावा. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलीं दोन अंतरें दोरीनें मोजावीं. तीं सारखीं आलीं म्हणजे चौकट काटकोनांत आहे. मग सांधे खोलून, सरस लावून, दोरीचा फास घालून व काठीनें पिळून रात्रभर आवळून ठेवावें.

वरची फळी कशी बसवावी, हाच आमच्या पहिल्या बांकाचा धडा. तीस खिळा नको, पट्टीशीं सरसहि नको. चारी पट्ट्यांच्या आंतल्या अंगास, वरच्या कडेपासून तीन सूत खालीं, तीन सूत खोल खाचणी काढावी. दीड इंच लांबीचे लांकडाचे लहान ठोकळे करून प्रत्येकाच्या एका टोंकास त्या खाचणींत शिरेल अशी जीभ ठेवावी. जीभ खाचणींत अडकवून ठोकळा खालून एका स्क्रूनें फळीस बसवावा. असे आठ ठोकळे पुरतात. लांब पट्ट्यांपाशीं ठोकळा व पट्टी यांत सूतभर जागा मोकळी ठेवावी. मग फळी वर उचलली जात नाहीं, पण रुंदींत तिला हवें तसें सरकतां येतें. ओणवें होऊन बांकाच्या खालीं पाहिल्याशिवाय हें काम कोणास दिसत नाहीं. वर्गांत गुण देतांना आम्ही बांक आधीं उलटें करतों तें यासाठींच.

बैठकीच्या पुढच्या कडेस धार राहूं देऊं नये. रंध्यानें ती गोल करून कांचकागदानें घासावी. साडीचा कांठ अडकेल असें खुसपट कोठेंहि नसावें. तळहात फिरवून भागत नाहीं, पातळ मलमलीचा तुकडा फिरवून पाहावा. तेल म्हणून बेलतेल, म्हणजे रंगवाल्यांकडे मिळणारें उकळलेलें जवसाचें तेल, दोनतीन वेळ पातळ पुसावें व दर वेळीं पुरतें सुकूं द्यावें. पडवींत वारंवार पाणी सांडतें व जमीन सारवली जाते. पायांचीं खालचीं टोंकें हें पाणी नळीसारखें ओढतात, म्हणून तीं तेलांत बुडवून घेईल तितकें घेऊं द्यावें. येथें एक इशारा, व तो पालकांनींहि ध्यानांत ठेवावा : या तेलानें भिजलेल्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेल सुकतांना उष्णता निघते व गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊं शकतात. त्या बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवून मग टाकाव्या.

कांहीं पालक आम्हांस विचारतात कीं, मुलगा पुढें कारकून अथवा डॉक्टर व्हावयाचा, त्यास सुतारकाम कशाला. हा प्रश्न आमच्याच देशांतला नाहीं. फिनलंडमध्यें ऊनो सिग्नेऊस यांच्या खटपटीनें १८६६ सालीं खेड्यांतील शाळांत मुलग्यांस हस्तव्यवसाय सक्तीचा झाला. स्वीडनांत नॅस येथें ऑटो सॅलोमन यांनीं तीच पद्धत वाढविली व देशोदेशींचे शिक्षक ती शिकावयास तेथें जात. त्यांचा नियम असा होता कीं, मुलानें नुसते सांध्यांचे नमुने करूं नयेत. घरांत वापरली जाईल अशी पुरी वस्तु स्वतः करावी. १९३७ सालीं वर्धा येथील परिषदेंत गांधीजींनीं उद्योगाच्या द्वारें शिक्षणाची कल्पना मांडली, तिचें अधिष्ठान याहून निराळें व अधिक व्यापक होतें. आमचा अनुभव एवढाच आहे कीं, वहींतलें गणित चुकलें तर लाल शाईची एक रेघ येते. बांकाचें माप चुकलें तर कोणाचा तरी गुडघा तें सोसतो, व सोसणारा पुष्कळदां बोलत नाहीं.

आईसाठीं आम्हीं दुसरें बांक केलें तें सागाचें, सोळा इंचांचें. तिनें तें शेवटपर्यंत वापरलें. आतां तें आमच्या पडवींत आहे. वहाणा ठेवण्याची मधली पट्टी एकदां बदलावी लागली, सांधे मात्र जसेच्या तसे आहेत.

त्या विद्यार्थ्याच्या आजीचें माप धाकट्या बहिणीनें पाट रचून काढलें. सोळा इंच आलें. बांक पुरें होण्यास त्यास पांच आठवडे लागले. एक कूस सैल झाली म्हणून ती पट्टी त्यानें पुन्हां केली. तेव्हां तो रडकुंडीस आला होता हें येथें लिहावयास त्याची हरकत नाहीं. अखेरीस चौथा पाय सूतभर आंखूड निघाला. बांक सपाट फरशीवर ठेवून, आंखूड पायाखालीं पांचर घालून, एका बारीक ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारी पायांभोंवतीं रेघ फिरविली व त्या रेघेवर कापलें. मग तें डुलेनासें झालें. घरची जमीन मात्र सपाट असेलच असें नाहीं, म्हणून तेथें पुन्हां पाहावें असें सांगून करवत त्याच्याबरोबर दिली. बांक एस. टी. च्या टपावर चढलें.

सुटी संपून शाळा उघडली त्या दिवशीं आम्हीं त्यास पहिलाच प्रश्न विचारिला, "आजी बांकावर बसतात काय ?"

"बसते सर. पण आजोबाच जास्त वेळ बसून राहतात, मग तिला मिळत नाहीं."

आतां आजोबांसाठीं दुसरें बांक व्हावयाचें आहे. त्यांचें माप साडेसतरा इंच आलें आहे.